भाऊजींच्या बदल्यात दोन पोट्टे

गडचांदूर, मंगळवार, १३ मे १९८६

आदरणीय बाईस धाकट्या खुशालचा वाकून जयभीम.

तुही तब्येत कशी आहे? भाच्याचा ताप उतरला काय? आणि भाऊजींचा गुडघा? (गुडघ्याचं जरा सविस्तर कळव.)

इथी माहं काही खरं नाई. रविवारी चंद्रपूरले बास्केटबॉलची फायनल आहे, आमच्या सिमेंट कॉलनीच्या मंडळाची अन् तुमच्या चंद्रपूरच्या मंडळाची, आणि आमच्याकडं रिंगखाली उभा राह्याले माणूसच नाई. तू म्हणशील, काऊन, बारा वर्षं माहा नवरा दर रविवारी एसटीनं येऊन तिथीच उभा राह्यला ना? राह्यला, बाई. त्याच्याच जीवावर आम्ही चार ढाली आणल्या. पण भाऊजी अडतिसाचे झाले, उडी मारली की आधी गुडघा बोलते अन् मंग भाऊजी खाली येतात. म्हणून जानेवारीत मी, मंडळाचा सेक्रेटरी, त्याइले चंद्रपूरच्या मंडळाले देऊन टाकलं आणि बदल्यात त्यांचे कुरखेड्याकडचे दोन ताडमाड पोट्टे घेतले, लच्छू अन् चैतू. आपला बाबा बैल बदलाले बजारात जाये, तसाच गेलो. पोट्ट्याइले चालवलं, पळवलं, आंब्याच्या फांदीले हात लावाले लावले, लच्छूचे तर दातही पाह्यले (सवय जात नाई). एकच गोष्ट विचारली नाई: बाबाहो, मे महिन्यात तुम्ही काय करता?

मे महिन्यात तिकडं अख्खं गाव जंगलात बिडीचा तेंदूपत्ता तोडाले जाते. शुक्रवारी दोघं सांगून गेले, पाऊस लागला की येतो. मी तीन एसट्या बदलून त्याइच्या मागं गेलो. लच्छूची माय सुकरी पत्त्याचे पुडे बांधत होती. म्हणाली, "तुमचा गोळा बारा महिने फेकता येते भाऊ, पत्ता पंधराच दिवस रायते." बसलो अन् सांजवरी मीही पुडे बांधले.

आता यादीत नवं नाव चालत नाई. रिंगखाली जाले दुसरं कोणी तयार नाई, कारण भाऊजींची कोपरं सगळ्याइले पाठ आहेत. सगळे म्हणतात, ज्यानं बदला केला त्यानंच उभं राह्यावं. मी पाच फूट दोन इंच, तेही चष्मा धरून.

हरलो तं मंडळ दुसरा सेक्रेटरी पाह्यते, पाहू दे. माहा जीव दुसऱ्याच गोष्टीनं खालीवर होऊन राह्यला. बाई, भाऊजींना मी तोंडानं सांगितलंच नाई. हिंमतच झाली नाई. फळ्यावर यादी लावली अन् मोकळा झालो. ते नेहमीसारखे पिशवी घेऊन उतरले, यादी वाचली, पानठेल्यावर पाणी पेले आणि त्याच गाडीनं परतले. मी खिडकीआडून पाहत होतो. चार महिने झाले, त्यांचं एक कार्ड नाई. मले लय शरम वाटते, बाई.

भाच्याले पापा.

तुहा,
खुशाल

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की रविवारी भाऊजींचा गुडघा दुखते असं तू ठरवून टाक. तू ठरवलं की तो दुखतेच, मले माहीत आहे.

आणखी ता. क. पत्र पेटीत टाकाले निघालो तं पोस्टमन भाऊजींचं कार्ड देऊन गेला. लिहितात, "पोट्टे पत्त्याले गेले म्हणून कळलं. म्हणजे तूच उभा राह्यशील. चष्मा दोरीनं बांधून ये, माह्या कोपरापासून हातभर दूर राह्य. खेळ झाल्यावर घरी जेवाले ये." गुडघ्याचं राहू दे, बाई. त्याइले खेळू दे.

शेवटचं. मी काही जेवाले येत नाई. कोणत्या तोंडानं येऊ? पण भात थोडा जास्त टाकजो.