उघड्या टपाची गाडी

शनिवार, १७ मे

तीर्थरूप आईंना,

शिरसाष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? नव्या गोळ्यांनी झोप तरी लागते, असं धाकटी जाऊ सांगत होती. मी बरी आहे. लॅबमध्ये कामाला तोटा नाही. लोकांचे दात काही पडायचे थांबत नाहीत, आणि कवळ्या कुणीतरी बनवायलाच हव्यात.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, म्हणजे भिंग लावून तुमचं तुम्हाला वाचता येईल. भाऊजींना वाचून दाखवायला सांगू नका, निदान पहिल्यांदा तरी. एक गोष्ट दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जायच्या आत माझ्याकडून जायला हवी, आणि फोनवर माझी जीभ रेटत नाही. दोनदा फोन केला आणि नुसती गोळ्यांची चौकशी करून ठेवून दिला.

आधी गाडीचं. ती बातमी पोचली असणारच. हो, घेतली. सेकंडहँड, दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. रंग लालभडक नाही हो, भाऊजी काहीही तिखटमीठ लावतात. गडद हिरवी आहे. त्यांनी मला विचारलं, ही सुट्टीच्या दिवशी मिरवायला असेल, रोजची वेगळी ना? मी म्हटलं, रोजची हीच. मग मी फोन ठेवलाय असं समजून धाकटीला म्हणाले, "वहिनींना म्हातारचळ लागलाय." आधी मला हसू आलं. मग वाईट वाटलं.

तसं पाहिलं तर मी शहाण्या बाईसारखी चार दारांची छोटी गाडीच बघायला गेले होते. जुन्या गाडीपुढे गॅरेजवाल्याने हात टेकले होते ना. जुन्या गाड्या विकणाऱ्या बाईच्या आवारात ही एका कोपऱ्यात उभी. सीटच्या चामड्याला भेगा, मागची प्लॅस्टिकची काच धुरकट झालेली. मी गॅरेजवाल्याला बोलावून घेतलं. तो खाली घुसला, सगळं ठोकून-वाजवून पाहिलं आणि म्हणाला, इंजिन ठणठणीत आहे, टप कापडी आहे म्हणून जपायचा, आणि बाई, बसताना आधी बूड टेका, मग पाय आत घ्या, नाहीतर कंबर जाईल. लाखमोलाचा सल्ला. मी पहिल्या दिवशी विसरले आणि दाराला लटकून राहिले.

रोजच्या कामाला कशी जमते म्हणाल, तर झकास जमते. सकाळी दवाखान्यांना फेरी असते. साच्यांचे दोन खोके डिकीत मावतात, तिसरा मांडीवर घ्यावा लागतो. पाऊस आलाच तर सिग्नल सुटायच्या आत टप ओढून होतो. डाव्या कोपऱ्यातून जरासं ठिबकतं, तिथे फडकं खोचलंय. शेजारी ट्रक आला की त्याच्या चाकाशीच गप्पा माराव्यात इतकं खाली बसायला होतं. पण मजा येते. ऊन असलं तरी आम्ही टप उघडाच ठेवतो, डोक्याला रुमाल आणि डोळ्याला गॉगल.

'आम्ही' लिहून गेले. खोडायला पेन टेकवलं होतं. पण तुम्ही खोडलेलंच आधी वाचता, ते मला माहीत आहे. राहू दे.

आई, शेजारच्या सीटवर एक माणूस बसतो. शाळेत पीटीचे मास्तर होते, आता निवृत्त आहेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मी त्यांची कवळी बनवली होती आणि ती शिट्टी घालायची. जन्मभर शिट्ट्या मारलेल्या माणसाची कवळीच शिट्टी घालते, म्हणून दवाखान्यात सगळे हसायचे. डॉक्टरांनी शेवटी वैतागून त्यांना थेट लॅबमध्ये पाठवलं. मी घासून दिली. पुढच्या आठवड्यात परत आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा कवळीला काहीएक झालं नव्हतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

तेव्हापासून दीड वर्ष आम्ही भेटतो. यातलं लपवण्याचं सगळं माझ्याकडून होतं. मी त्यांना घराच्या एक चौक अलीकडे उतरवायची. ओळखीचं कुणी दिसलं की काच वर करायची. मास्तर चांगले उंचेपुरे आहेत, पण माझ्या सांगण्यावरून सीटवर खाली सरकून बसायचे आणि गाणं गुणगुणत राहायचे. मला वाटायचं, त्यांना गंमत वाटतेय.

मग एक दिवस सिग्नलला धाकटी रस्ता ओलांडताना दिसली, हातात तुमच्या औषधांची पिशवी. मी मास्तरांना म्हटलं, वाका. ते वाकले आणि त्यांची पाठ धरली. धाकटी कधीच निघून गेली, सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि हा माणूस तसाच डोकं गुडघ्यात घालून. कसेबसे सरळ झाले. तोंडावर राग नव्हता. म्हणाले, "मी काही चोरी केलेली नाही. तू केलीयेस का?" ते दार उघडून उतरले आणि पाठ धरून चालत घरी गेले.

त्यानंतर तीन आठवडे त्यांचा फोन नव्हता. मी कवळ्या घासत होते. त्याच सुमारास जुनी गाडी बसली, आणि ही हिरवी दिसली. आई, सगळे म्हणतात हिला वाऱ्याची हौस आली. वाऱ्याची कसली हौस, माझे केस आता उरलेत किती! हिच्यात शेजारी कोण बसलंय ते झाकता येत नाही, म्हणून घेतली. मला माझा भरवसा नव्हता. पुन्हा कुणी दिसलं असतं आणि मी पुन्हा 'वाका' म्हटलं असतं.

गाडी घेऊन थेट त्यांच्या दाराशी गेले. शेजारीपाजारी सगळे गॅलरीत. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि आत बसले.

आता जे लिहायला एवढं लांबण लावलं, ते लिहिते. मला लोकांची भीती नव्हतीच. भाऊजी चार दिवस बोलतील आणि दमतील. भीती तुमची होती. हे गेले तेव्हा तुम्ही स्वतःचा मुलगा गमावला होतात, तरी माझ्यासमोर ताट ठेवून म्हणालात, "रडायचं तेवढं रड, पण जेवून रड." आम्हाला मूल नाही. माझं म्हणावं असं माणूस तुम्हीच उरलात. ह्यांना मी विसरले असं तुम्हाला वाटलं, आणि तुम्ही माझ्याशी पाहुण्या बाईशी बोलतात तसं गोड बोलायला लागलात, तर ते मला सोसणार नाही. विसरले नाही हो. घरात पाऊल टाकताना अजून हाक मारायला तोंड उघडतं. पण रिकाम्या घरातला दिवा आपणच लावायचा आणि आपणच मालवायचा, याचा मला कंटाळा आलाय. मास्तर आले की मला बरं वाटतं. हे एवढंच आहे, आणि पुष्कळ आहे.

पुढच्या रविवारी दुपारी येते. टप उघडा असेल आणि मास्तर बरोबर असतील. तुमच्या गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांसमोरून येऊ. तुम्ही बाहेर आलात तर तुम्हाला नदीपर्यंत फिरवून आणीन. नाही आलात तर हॉर्न वाजवणार नाही, रागावणारही नाही. जरा थांबू आणि आल्या रस्त्याने परत जाऊ, टप उघडाच ठेवून.

गाडीत दोघांचीच जागा, तेव्हा तुम्ही बसलात की मास्तरांना उतरावं लागेल. मी त्यांना तसं सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "उतरेन की. फाटकाबाहेर उभा राहतो, सगळ्यांना दिसेन असा."

तुम्ही काहीही ठरवलंत तरी मी सही दुसरी करणार नाही.

तुमची थोरली सून