भाव उतरेपर्यंत

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार, आणि नमस्कारापाठोपाठ भांडण.

मी बरी आहे. वेळेवर जेवते. खोलीची खिडकी आता एकदाची नीट लागते.

आता मुद्द्याचं. ताईने कळवलं, वॉशिंग मशीन बंद पडल्यापासून आई मनगटाला पट्टा बांधून चादरी हाताने धुतेय. का, तर नवं मशीन घ्यायचं तुम्ही लांबवताय, म्हणे "आपली अर्थतज्ज्ञ सांगते, भाव उतरणार आहेत!"

अहो बाबा, मी फोनवर "उतरतीलही कदाचित" एवढंच म्हणाले होते, तेही तोंडात घास असताना! मी उपयोजित अर्थशास्त्र शिकते, ज्योतिष नव्हे. आमचे सर जन्मभर अंदाज बांधत आलेत, तरी भर उन्हाळ्यात छत्री घेऊन येतात.

काल एका संशोधन संस्थेत मुलाखत झाली. काम महागाईचे अंदाज बांधायचं. तिथल्या बाईंनी विचारलं, "तुमच्या अंदाजावर विसंबून कोणी कधी निर्णय घेतलाय का?" वैतागून म्हटलं, "हो, आमच्या बाबांनी. आईचं मनगट सुजलंय." सगळे खो खो हसले आणि मला नोकरी दिली. मला मात्र हसू आलं नाही.

आई म्हणते तसं खरंच "थोडंसंच दुखतं" का हो? तिला विचारून नको, तुम्ही स्वतः बघून लिहा.

उद्याच दुकानात जा. आणि मशीन घरी आल्यावर भाव खरोखरच उतरले, तर आईला सांगू नका. मलाही नको.

तुमची लाडकी, पण तूर्तास चिडलेली,
धाकटी