बारवेला कुलूप

२९ जून
बारवेच्या पायऱ्यांच्या तोंडाला लोखंडी गेट. गेटला कुलूप. सरकार ही जुनी विहीर 'संरक्षित' करणार म्हणे. अजून पक्कं न्हाई. हरकत असेल तर दोन महिन्यांत कळवा, असा कागद डकवलाय.
राखणदार कोण, तर आपला जोतीराम. परवापर्यंत माझ्याच पुडीतली तंबाखू मळत होता, आज गळ्यात शिट्टी. "मुजीब, आत जायचं न्हाई रं. खालची कमान सुटलीया."
मग मोहरमला आमचा पीर पाण्यात बुडवून थंड कुठं करायचा? ह्याच्या डोक्यावर?

३ जुलै
गेटचं विचारायला साताऱ्याच्या सरकारी हापिसात निघालो होतो. फाट्यावर आकारामदादा मेंढरं टेम्पोत भरताना दिसला. त्याच्याबरोबर लोणंदच्या बाजाराला गेलो. एक कानतुटका बोकड लय आवडला. हापीस ऱ्हायलं.

४ जुलै
गेलो एकदाचा. मॅडम नीट बोलली, म्हणून जास्तच राग आला. म्हणाली, चौघांनी पीर घेऊन उतरायचं, बाकीच्यांनी वर थांबायचं. जोतीराम कुलूप काढेल. — आख्खं गाव पिरामागं पाण्यापर्यंत उतरतं. चौघं कुठले निवडू?
येताना लालासाहेबानं चहा पाजला. बारवेला लागून त्याचं रान. तिथं मंगल कार्यालय बांधायचंय, पण संरक्षण झालं की बांधकाम बंद. "बारव काय त्यांच्या बापाची?" म्हणाला. माणूस मतलबी हाय, पण बोलला ते खरं.

५ जुलै
जोतीरामानं हाक मारली. वळून बघितलं न्हाई.

६ जुलै
पीर म्हंजे आमचा चांदीचा पंजा, तो आकारामदादाच्या हातात. धनगराच्या घरचा मान, त्याच्या आज्यापासून. एकदा उचललेला पीर थंड झाल्याशिवाय माघारी फिरत न्हाई. गेटपाशी जोतीराम आडवा. "दादा, चौघं चला. मी उघडतो."
मागनं लालासाहेब वरडला, "पीर काय चौघांचा हाय व्हय रं?"
आकारामदादा थांबला. पंजा उंच धरून तिथंच उभा, मागं सरकंना. बाया रडायला लागल्या. मला न्हाई सोसलं. पहार कुणी हातात दिली, कळलं न्हाई. कुलूप तोडलं. "आमाला न्हाई पायजे तुमचं संरक्षण!" — वरडलो. सगळेच वरडले. उतरलो, पीर थंड केला. कमान काय पडली न्हाई. जोतीराम गेटला धरून नुसता उभा. बरी जिरली.

१२ जुलै
लालासाहेब त्या दिवशी मोबाइल धरून उभा होता. तो व्हिडिओ त्यानं हापिसात दिला, गावाची हरकत म्हणून. सगळ्यात मोठा आवाज माझा.

१४ नोव्हेंबर
संरक्षण रद्द. गेट काढलं. लालासाहेबाचा डंपर सकाळपासून बारवेत मुरूम ओततोय. जोतीराम म्हणाला, "अडव की आता." कशाच्या जोरावर अडवू?