चंदेरी कागदाखाली

सोमवार, ३ मार्च
आज वृद्धाश्रमाच्या नव्या तिसऱ्या मजल्याची अग्निसुरक्षा तपासणी. शिडीवर चढून छताच्या पोकळीत डोकं घातलं. एसीच्या डक्टवर चकचकीत चंदेरी कागद, जागोजागी ‘अग्निरोधक’ शिक्का. सगळं नियमात! पण बोटानं दाबलं तर भसकन आत गेलं. कटरनं चिरलं — न जळणारी काचलोकर (ग्लासवूल) नाहीच, पिवळा फोम.
ठेकेदार हसला. ‘मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची. छताच्या वर कोण बघतंय?’
मी बघतेय ना! तुकडा पर्समध्ये टाकला.

मंगळवार, ४
गच्चीत अर्ध्या तुकड्याला काडी लावली. भपकन पेटला. जळते थेंब गळाले, काळाकुट्ट धूर. नियम सांगतो, आवरणानं आग पुढे न्यायची नाही. ही तर वातच! घसा अजून खवखवतोय.
उरलेला तुकडा बाबांना दाखवला. आमच्याच खात्यातून निवृत्त झालेले. तपासणी मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यांनी तो बोटानं दाबून पाहिला. मग, ‘सही करू नकोस.’
जेवले नाहीत.

बुधवार
साहेब — ‘उगाच ताणू नका. रविवारी उद्घाटन आहे. खालचे दोन मजले सहा वर्षं चाललेतच की, त्याच ठेकेदाराचे!’
त्याच ठेकेदाराचे.

गुरुवार, ६
पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत छताचं झाकण काढलं. तोच फोम. खाली पलंगावरच्या आजी विचारतात, ‘काय गं, उंदीर आहे का?’ दोन मजल्यांवर चौसष्ट माणसं. निम्म्यांना जिना उतरवत नाही.
ऑफिसात खालच्या मजल्यांची जुनी फाइल काढली. ‘डक्टचे आवरण चिरून पाहिले. योग्य.’ खाली सही.
बाबांची.

शुक्रवार
फाइल त्यांच्यासमोर ठेवली.
‘चिरलं नव्हतं,’ म्हणाले. ‘शिक्का बघितला आणि पुढे गेलो.’
‘तसं लिहू?’ मी विचारलं.
‘लिही.’
लिहिलं. नवा मजला नामंजूर, खालचे दोन्ही ताबडतोब रिकामे करा. साहेबांनी कागद ड्रॉवरमध्ये सरकवला. ‘उद्घाटन होऊ दे, मग बघू.’

शनिवार, ८
सकाळी बाबा घरात नाहीत. औषधांची डबीही नाही. फोन केला.
‘वृद्धाश्रमात आहे. पहिल्या मजल्यावर एक खाट रिकामी होती. तुझ्या साहेबांना सांग — शेवटचं माणूस बाहेर पडल्याशिवाय मी इथून हलत नाही.’