चावडीवरची खुर्ची आणि नळाचा वायसर

मी, केलेबोने मोसाला, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार मोरुकुरू, बोत्स्वाना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दवाखान्यातल्या नर्सबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. आमचे गावप्रमुख क्गोसी लेत्लोले यांचे मत वेगळे आहे. पण ते त्यांनी तेहतीस वर्षे तोंडीच दिले आहे, लेखी कधी नाही, सबब ते ग्राह्य धरू नये. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तसा दबाव आणू शकेल असा माणूस या गावात अजून जन्मायचा आहे.

१. माझे दोन खोल्यांचे पत्र्याचे घर व अंगण माझ्या भावाचा मुलगा केनोसी याला मिळावे. केनोसी आमच्या गावातून जिल्हा परिषदेवर निवडून आलेला सदस्य आहे. गावात खड्डा दिसला की तो म्हणतो, "सरकार बघेल." सरकारी कचेरीत गेला की म्हणतो, "लोकांनी पुढाकार घ्यायला हवा." दोन्हीकडे टाळ्या पडतात. तर अट अशी की दर वर्षी पावसाआधी घरासमोरचे गटार त्याने स्वतः उपसावे. माणूस लावून नव्हे, आणि फोटोग्राफर बोलावून तर नव्हेच. लागोपाठ दोन वर्षे चुकल्यास घर शाळेला जावे. शेजाऱ्यांनी लक्ष ठेवावे. ते तसेही ठेवतातच.

२. ‘नागरिकाची कर्तव्ये’ या पाठ्यपुस्तकाच्या माझ्याकडच्या चौदा प्रती क्गोसींच्या कचेरीला द्याव्यात. एकतीस वर्षे मी हे पुस्तक शिकवले. सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण करावे, साक्ष देण्यास कचरू नये, वगैरे. मुले घडाघडा म्हणत. त्यांतला एक आज तुरुंगात आहे आणि दोघे माणसे पकडून तुरुंगात टाकतात, म्हणजे शिक्षण अगदीच वाया गेले असे नाही. प्रती करकरीत आहेत. कचेरीत त्या तशाच राहतील याची खात्री आहे.

३. माझ्या मयताला बैल कापावा, मांस रीतीप्रमाणे शिजवून नीट कुटावे, आणि मीठ कमी पडल्याची चर्चा निदान कबरीवर माती पडेपर्यंत थांबवावी. शेजाऱ्यांच्या वतीने जो बोलेल त्याने ‘गावाचा आधारस्तंभ’ हा शब्द काढू नये. काढलाच तर भजनी बायांनी मोठ्याने गाणे सुरू करावे. कारण पुढच्या कलमात आहे.

४. माझी चावडीवरची खुर्ची. ही मूळची माझ्या नवऱ्याची. पाय आखूड, बैठक चामड्याच्या पट्ट्यांनी विणलेली. आमच्याकडे चावडी भरली, म्हणजे क्गोत्ला बसला, की पुरुष घरून आपापली खुर्ची घेऊन जातात आणि बायका जमिनीवर बसतात. नवरा गेल्यावर, १९८६ साली, मी ही खुर्ची डोक्यावर घेऊन गेले आणि पहिल्या रांगेत मांडली.

"म्मा, ही पुरुषांची जागा आहे," क्गोसी म्हणाले. आमच्याकडे बाईंना मानाने म्मा म्हणतात.

"मग एखाद्या पुरुषानं कामाचं काहीतरी बोलून दाखवावं, लगेच उठते," मी म्हणाले. मी बसले ती बसलेच.

तेव्हापासून मोकाट गाढवे, लग्नातले कर्णे, दवाखान्याचे कुलूप, सगळ्यावर मी बोलले. लोक म्हणायचे, "आधी म्मा मोसालांचं होऊ द्या, मग घरी जायचं बघू."

१९९८ साली माझ्या फाटकासमोरचा सार्वजनिक नळ अकरा महिने गळत होता. आमच्या देशात पावसाला आणि आशीर्वादाला एकच शब्द आहे, आणि इथे आशीर्वाद गटारात चालला होता. पाणीखात्याला मी एकोणीस पत्रे लिहिली. एकाचे उत्तर आले. त्यात माझ्या जागरूकतेबद्दल आभार मानले होते.

शेवटी मी दाबे कासेला बोलावले. तो माझ्या गुरांच्या ठाण्यावर पंप सांभाळायचा. वाळवंटातल्या सान लोकांपैकी, म्हणजे चावडीवर ज्यांच्यासाठी कोणी खुर्ची मांडत नाही, त्यांच्यापैकी.

"अरे दाबे, पंप दुरुस्त करतोस, मग हा नळ काय मोठा?"

"सरकारी आहे म्मा. सील लावलंय."

"सरकार म्हणजे कोण? आपणच ना? तोड सील. काही झालं तर मी आहे."

त्याने जुन्या बुटाचे चामडे कापून वायसर केला आणि बसवला. अर्ध्या तासाचे काम. गळती थांबली. चौथ्या दिवशी पाणीखात्याचा माणूस आला, माझ्या एकोणिसाव्या पत्रावरून, आणि त्याला तुटलेले सील दिसले.

चावडी भरली. "तुला कोणी सांगितलं?" क्गोसींनी विचारले.

"म्मा मोसालांनी," दाबे म्हणाला.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्याच महिन्यात मला ‘आदर्श नागरिक’ सन्मानपत्र जाहीर झाले होते. स्वातंत्र्यदिनी मंत्री स्वतः देणार होते. बाईला चावडीवर फटके देत नाहीत. मला फार तर चार बोल ऐकावे लागले असते आणि तो कागद गेला असता. मी माझ्या बुटांकडे बघत राहिले.

क्गोसींनी माझ्याकडे दोनदा पाहिले. मग म्हणाले, "म्मा मोसाला आणि गप्प? हा खरं बोलत असता तर एव्हाना त्या कबूल होऊन वर आपल्यालाच दोन शब्द सुनावून मोकळ्या झाल्या असत्या. त्या उत्तरसुद्धा देत नाहीत, त्यावरून काय ते समजा."

समजले. बारा वर्षे अखंड बोलून मी जी पत कमावली होती, ती सगळी त्या एका गप्प बसण्यामागे उभी राहिली. दाबेला चार फटके बसले, वर खोटारडा ठरला तो वेगळाच. आठवड्यात तो बायकोला घेऊन गाव सोडून गेला. स्वातंत्र्यदिनी मी सार्वजनिक मालमत्ता या विषयावर वीस मिनिटे बोलले.

तो वायसर अजून आहे. एकवीस वर्षांत थेंब गळला नाही. या गावात भाषण न करता कर्तव्य करणारा तेवढाच.

५. उपरोक्त सन्मानपत्राची चौकट चांगल्या लाकडाची आहे, ती केनोसीने घ्यावी. कागद शेळीला घालावा. शेळीने नाकारल्यास चुलीत.

६. माझ्या पाच गाई व खुर्ची दाबे कासेला मिळावी, आणि मी गेल्यावर केनोसीने कलम चार चावडीवर वाचून दाखवावे. (हे कलम रद्द. कारण खाली.)

हे लिहून झाल्यावर दाबेला कळवावे म्हणून मी केनोसीला फोन लावायला सांगितला.

"आत्या, कशाला जुनं उकरतेस? तू गेल्यावर वाचू की सावकाश," केनोसी म्हणाला. तरी लावला.

दाबेने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "गाई आहेत माझ्याकडं, म्मा. पण तुम्ही गेल्यावर वाचणार म्हणता, मग तुम्हाला प्रश्न कोण विचारणार? मला तर तोंडावर विचारला होता."

एकतीस वर्षे मी मुलांना प्रश्न विचारले आणि उत्तर येईपर्यंत उभे ठेवले. मला लाज वाटली. त्या दिवशी वाटायला हवी होती, ती इतक्या उशिरा वाटली. मेल्यावर खरे बोलायची सोय करून ठेवणे म्हणजे पुन्हा बुटांकडेच बघणे. म्हणून कलम सहा मी खोडले आहे. गाई शाळेला द्याव्यात. खुर्ची दाबे कासे यांना माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजच दिली आहे.

वरील सर्व मजकूर मी आज, दाबे कासे यांना बोलावून घेऊन, स्वतः चावडीवर मोठ्याने वाचला. कलम चार दोनदा वाचले, कारण पहिल्या खेपेस क्गोसींना ऐकू आले नाही. मग त्यांनी प्रश्न विचारले. सगळ्यांची उत्तरे दिली. याआधी केलेले मृत्युपत्र असल्यास ते यापुढे धरू नये.

ठिकाण: मोरुकुरू गावची चावडी
दिनांक: १३ ऑगस्ट २०१९, मंगळवार

साक्षीदार:
१. बोनोलो सेखोबा, नर्स
२. क्गोसी लेत्लोले (बाईंच्या डोक्याबद्दलची हरकत आज मागे घेत आहे.)

सही: केलेबोने मोसाला

अक्षर थोडे वेडेवाकडे आले आहे, त्याबद्दल कोणी शंका काढू नये. खुर्चीवर दाबे कासे बसले असल्यामुळे सही उभ्याने केली आहे.