उसना दम

२ डिसेंबर, भद्रावती
पोहोचलो एकदाचा! वडसा ते चांदा फोर्ट रेल्वे, मंग एसटी. खाणीच्या दवाखान्यात फुंकणीच्या मशीनवर नोकरी लागली बाप्पा! कामगारानं नळीत जोर लावून फुंकायचं, अन् त्याची फुप्फुसं किती हवा सोडतात ते मशीन सांगते. तीन लिटरच्या खाली आला तो खाणीत उतरू शकत नाई. मी फुंकलो तर पाच पॉइंट दोन! नर्स वच्छलाबाई खुर्चीतून उठून पाह्याले आली. म्हटलं, बाई, हा धनराज दहा हिवाळे झाडीपट्टीच्या नाटकात गायला हाय, माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेले आवाज जाये. ती म्हणे, तुमच्या आधीचे लटारूभाऊ भल्ले मायाळू होते, त्यायच्या हातून एकही माणूस नापास झाला नाई. कुठी गेले विचारलं तर म्हणे, रजेवर गेले ते आलेच नाई. चहा मात्र झकास करते बाई.

५ डिसेंबर
काम जमून राह्यलं. लोकं नळी पाहून लाजतात, म्हणून मी नाटकातल्या आवाजात ओरडतो, "फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका!" सगळे हसतात अन् फुंकतात. आज त्यायले समजावून सांगितलं. हृदय म्हणजे एका घरात दोन पंप. उजवा पंप मळकं रक्त फुप्फुसात ढकलते, तिथी त्याले हवा लागते, मंग डावा पंप ते अंगभर पाठवते. धूळ बसून बसून फुप्फुसं आखडली की उजव्याले जास्त जोर लावा लागते. वर्षानुवर्षं लावते, अन् मंग थकते. आधी पाय सुजतात. पुढं आडवं झोपता येत नाई. हे ऐकून मागच्या एकानं आपले सुजलेले पाय हळूच बाकाखाली घेतले.

९ डिसेंबर
आज लच्छू आला. धानोऱ्याकडचा गोंड माणूस, बेचाळीस वर्षांचा. तीनदा फुंकला, एक पॉइंट सहाच्या वर जाईना. मंग हात जोडले. म्हणे, साहेब, पोरगी नूतन बारावीत हाय, नर्सिंगले जातो म्हणते. दोन वर्षंच काढू द्या. लटारूभाऊ आमच्यासाठी स्वतः फुंकून देत होते, तुमी बी द्या. मले आधी राग आला, मंग स्वतःचीच लाज वाटली. पाच लिटर हाय माह्याजवळ, एका फुंकेनं काय कमी होते? मशीनमध्ये लच्छूचं नाव टाकलं अन् मीच फुंकलो. पास! जाताना त्यानं नळी दुपट्ट्यानं पुसून कपाळाले लावली. खरं सांगतो, भल्लं बरं वाटलं.

१२ डिसेंबर
लच्छू गेला. खाणीच्या चढावर दम खायाले बसला तो उठलाच नाई. डॉक्टर म्हणे, फुप्फुसं दगड झाली होती, उजवं हृदय थकलं, असा माणूस खाली उतरलाच कसा? पासचा कागद मीच दिला होता. त्याले गावाकडं घेऊन गेले. माह्या हातून पाप झालं.

१५ डिसेंबर
चार पायऱ्यायनं दम लागला. म्हणून फुंकून पाह्यलं. तीन पॉइंट आठ! मशीन बिघडलं असंल म्हणून वच्छलाबाईले फुंकाले लावलं, तिचं बरोबर आलं. जुनं रजिस्टर काढलं. शेवटच्या पानावर लटारूभाऊनं स्वतःचे आकडे लिहून ठेवले होते. ४.४, ३.१, १.९, ०.८. पुढं पान कोरं.

१८ डिसेंबर
लच्छूची बायको मंगलीबाई आली, एवढ्या लांबून. रडली नाई. म्हणे, त्यायच्यावर टाकलेली माती हलून राह्यली. वर येते, खाली बसते. आमच्या घरी मेल्या माणसासंगं उसनं काई पुरत नाई, ज्याचं त्याले देऊन टाकतो. तुमी फुंकून दिलं ते त्यायनं फोनवर सांगितलं होतं, तुमचा दम त्यायच्यात राहून गेला, येऊन घेऊन जा. मी तिच्यावर खेकसलो. ती गेल्यावर फुंकलो. २.४.

२० डिसेंबर
बूट चढत नाई. नडगीवर बोट दाबलं, खड्डा पडला, भरला नाई. आधी पाय — मीच तर शिकवलं होतं. आडवं झालो की बुडाल्यासारखं होते, खुर्चीतच बसून — वच्छलाबाई म्हणते चंद्रपूरले चला. डॉक्टरले सांगू काय? १.५. मले मरायचं नाई.

२२ डिसेंबर, धानोऱ्याच्या पुढं, भर दुपार
आलो. मोहाच्या झाडाखाली लच्छूले पुरलं — माती खरंच — मी श्वास सोडतो तवा ती वर येते. मंगलीबाई म्हणे, मातीले तोंड लावा अन् ओढा, ते सोडून देतील. नूतन दूर उभी हाय. तिच्याकडं पाहवत नाई.

ओढलं. आला! थोडासा — गार, कोळशाचा वास —

पुन्हा —

सुटत नाई. तो तिकडून ओढून राह्यला — खालून आवाज, माह्याच नाटकातल्या सुरात — फुंका साहेब, फुंका, अजून, अजून, दोन वर्षंच, थांबू न