आठवं बटण

९ सप्टेंबर, आटपाडी
नववी ब. सहा संगणक चालू, एकावर तीन-तीन पोरं. आज बटणाला आवाज द्यायला शिकवलं. पिवळा ठोकळा म्हणजे ‘बटण दाबलं की’, त्याच्या पोटात जांभळा ठोकळा, ‘आवाज वाजव’. एक ओळ लिहायची नाही, नुसतं ओढायचं आणि अडकवायचं. तरी घोळ घातलाच. एक जोडी केली, तिच्याच नकला मारल्या, आतला आवाज बदलायचा राहिला. माझ्या फोनवर चालवून पाहिलं तर गाय दाबा, शेळी दाबा, कोंबडी दाबा, सगळी भुंकतायत. वर्ग लोळला. मीही हसले.
यास्मिन तेवढी हसली नाही. तास सुटल्यावर थांबली. “म्याडम, ह्यात मानसाचा आवाज घालता येतोय का?”
येतो म्हटलं.

१२ सप्टेंबर
यास्मिनचे वडील, रशीदभाई. शेळ्या-मेंढ्यांचे दलाल. उन्हाळ्यात मिरजेला घशाचं ऑपरेशन झालं. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. माणूस हिंडता-फिरता आहे, ऐकू सगळं येतं. लिहायची सवय नाही. घरात कुणाला बोलवायचं तर टाळी वाजवतात. हल्ली तीही वाजवत नाहीत. पोरीने हे सगळं पडद्याकडे बघत सांगितलं, माझ्याकडे नाही.
“अब्बा घरात कवा येत्यात कळतबी न्हाई. अम्मी दचकती, मग रडती.”
तिला त्यांच्यासाठी अ‍ॅप करायचंय. सात बटणं ठरवलीत: पाणी दे, चहा कर, जेवायला वाढ, दुखतंय, नगं, बस झालं, आणि यास्मिन. सातवं सांगताना खाली बघितलं.
मुख्याध्यापक म्हणतात विज्ञान प्रदर्शनाला ‘पाणी वाचवा’ अ‍ॅप करा. बरं म्हटलं. बाकीची पोरं वाचवतील पाणी.

२० सप्टेंबर, शनिवार
भाजीला गेले ती मुद्दाम जनावरांच्या बाजूने गेले. रशीदभाई दिसले. गळ्याला मफलर, एवढ्या उन्हात. समोर एक मेंढका. दोघांच्या हातांवर रुमाल टाकलेला, रुमालाखाली बोटं बोटांना भाव सांगतायत. पूर्वीपासून इथे असंच चालतं, शेजारच्याला कळू नये म्हणून. मेंढका मान हलवतो, हे पुन्हा बोटं दाबतात. सौदा झाला. कुणाला तोंड उघडावं लागलं नाही.
परत येताना तेच डोक्यात. या माणसाचा धंदा आवाजावाचून अडत नाही. घर अडलंय.

२६ सप्टेंबर
पहिलं अ‍ॅप तयार. पोरीने स्वतःच्याच आवाजात सगळं भरलं. शाळेत छान चाललं, घरी नाही. रशीदभाईंनी ‘चहा कर’ दाबलं, लेकीचा आवाज आला, तिच्या आईने वर बघितलं. त्यांनी फोन पालथा घातला आणि उठून गेले.
मला राग आला. एवढं काय! मग वाटलं, पन्नाशीच्या बाप्याने बायकोला पोरीच्या आवाजात चहा मागायचा?
यंत्राचा मराठी आवाज लावून पाहिला. ‘जेवायला वाढ’ असं म्हणतो जसा बँकेतून हप्ता थकल्याचा फोन. यास्मिनने स्वतःच काढून टाकला.
जुना आवाज कुठे असेल म्हणून लग्नांचे व्हिडिओ शोधायला लावले. सगळीकडे बँड.

७ ऑक्टोबर
यास्मिन आज म्हणाली, लोणंदच्या चाच्यांचा आवाज हुबेहूब अब्बांसारखा. पूर्वी फोनवर अम्मीही फसायची. मग चाच्यांनाच सांग, म्हटलं. म्हणाली, दोघे भाऊ बोलत नाहीत. आजोबांना दफन करून आले आणि महिन्याच्या आत दोन घरांमधल्या भिंतीवरून बिनसलं. चाचा आपला हिस्सा विकून लोणंदला गेला. तेव्हा यास्मिन पहिलीत होती.
“तुमी दिवाळीला साताऱ्याला जाताय न्हवं? लोणंद जवळच हाय.”
मला चीडच आली. शिकवायचं ठोकळे जोडायला, आणि ही निघाली भाऊ जोडायला. मी कोण त्यात पडणार? नाही म्हटलं. तिने हट्ट धरला नाही. त्यानेच जास्त...

२४ ऑक्टोबर, सातारा
आप्पांकडे चार दिवस. हवालदार म्हणून निवृत्त झाले, बोलणं अजून वायरलेससारखं. “आलीस? बरं. जेवलीस? बरं.” आई जाऊन दोन वर्षं झाली. स्वयंपाकघरात येण्याआधी आप्पा अजून दाराबाहेर खाकरतात. आई पदर सावरायची ते ऐकून, शेजारणी बसल्या असल्या तर त्याही. आता आत कोण असतं? आज मी होते. उगाचच ओढणी नीट केली आणि डोळे भरून आले.
यास्मिनच्या सात बटणांचं आप्पांना सांगितलं. ऐकून घेतलं. म्हणाले, “जाऊन ये लोणंदला. नाही म्हणाला तर एस.टी.चं भाडं गेलं, एवढंच.”

२७ ऑक्टोबर, सातारा
लोणंदला जाऊन आले. हमीदभाई कांद्याच्या लिलावात बोली पुकारतात. गाळ्याबाहेर उभी होते, आतून आवाज आला. रशीदभाईंचा आवाज मी कधी ऐकला नाही, तरी वाटलं, हाच तो.
भावाच्या मुलीची शिक्षिका म्हटल्यावर आधी खुर्ची पुसली. मग ऐकून घेतलं, कांद्याच्या पोत्याकडे बघत. यांच्या घराण्यात माणसाकडे बघून बोलत नाहीत बहुधा.
“माझ्या दारात पाऊल टाकू नगंस म्हनला हुता. न्हाई टाकलं. ऑपरेशनच्या येळी मिरजंला गेलो, दवाखान्याच्या खाली हुबा ऱ्हायलो, माघारी आलो.”
त्यांनीच गाळ्याचं शटर अर्धं ओढलं, बाहेरचा गलका कमी व्हावा म्हणून. माझा फोन हातात घेतला. पाणी दे. चहा कर. लिलावाचा माणूस, पण इतकं हळू बोलले की तीनदा घ्यावं लागलं. ‘यास्मिन’ला अडकले. पोरगी केवढी झाली, विचारलं. माझ्या खांद्याला लागते म्हटलं. मग एकदाच नाव घेतलं, नीट आलं.
सात झाल्यावर मी फोन घ्यायला हात पुढे केला. दिला नाही.
“आनि खाकरनं? त्ये न्हाई घेतलं?”
नाही, म्हटलं. पोरीच्या लक्षात आलं नसेल, माझ्याही नाही.
“रशीद खाकरल्याबिगर उंबरा वलांडत न्हाई. आमच्या अब्बांचंच उचाललंय त्यानं. मीबी.”
दोन आखूड, एक लांब. एका दमात आलं. फोन दिला आणि पाठ फिरवली. शटर वर करताना म्हणाले, माझा आवाज आहे म्हणून सांगू नका. सख्ख्या भावाला सांगावं लागतं का? पण बरं म्हटलं.

६ नोव्हेंबर, आटपाडी
शाळा सुरू. यास्मिनने आवाज भरले. आठवं ऐकलं आणि माऊस सोडून बसून राहिली. बाकीच्यांना मी फळ्याकडे वळवलं. सात बटणांवर चित्रं होती, पेला, कप, ताट वगैरे. याला काय चित्र द्यायचं ठरेना. शेवटी तिने दार काढलं. नकला मारल्या नाहीत, आठही ठोकळे एकेक करून जोडले.
मुख्याध्यापक मागे उभे राहून बघून गेले. हेच प्रदर्शनाला न्या म्हणाले. यास्मिन म्हणाली, “न्हाई सर, ह्ये घरातलं हाय.” मीही न्यायचं नाही म्हटलं. नाराज झाले. होऊ देत.

१० नोव्हेंबर
वाईट झालं. रशीदभाईंनी अंगणात बसून सगळी बटणं दाबून पाहिली, ओळीने, आठही. चेहरा दगड. फोन खिशात घातला आणि घरातून निघून गेले ते अंधार पडल्यावर आले. जेवले नाहीत. तिच्या आईने दिराचा आवाज ओळखला, यास्मिनला ओरडली, मलाही बोलली असणार. यास्मिनने ते सांगितलं नाही.
मीच नको तिथे बोट घातलं. आठ वर्षांचं भांडण, आणि मी फोनमध्ये भरून घरात नेलं. आप्पांना फोन केला. “खिशात घातला ना? टाकला नाही ना? मग बघ.” आणि ठेवला.

१७ नोव्हेंबर
यास्मिन सकाळी शाळेच्या फाटकातच उभी होती.
“काल अब्बा दारात खाकरले.”
आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. आवाज आला तसा पिठाच्या हाताने पदर डोक्यावर घेतला. घेतल्यावर लक्षात आलं. बाहेर रशीदभाई फोन हातात धरून उभे. लगेच आत आले नाहीत. आई म्हणाली, “या की आत.” एवढंच. भाकरी करपली, तीच त्यांनी खाल्ली.
बाकीची सात बटणं त्या दिवसानंतर दाबलेली नाहीत. ‘यास्मिन’सुद्धा नाही. मी विचारलं, वाईट वाटतं का? म्हणाली, वाटतं. पण रोज संध्याकाळी कान दाराकडे असतात, आणि काल आवाज आला.
आज वर्गात काय शिकवलं, खरंच आठवत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
कपडे धूत होते. लोणंदचा फोन. हमीदभाई. आधी बराच वेळ माझी, शाळेची, पावसापाण्याची चौकशी. मला वाटलं, काहीतरी वाईट घडलं.
मग सांगितलं. काल बाजार उठल्यावर त्यांना फोन आला, नंबर भावजयीचा. हॅलो हॅलो केलं, कोणी बोलेना. श्वास तेवढा ऐकू येत होता. ठेवणार, एवढ्यात पलीकडून त्यांचंच खाकरणं आलं. दोन आखूड, एक लांब.
“मग?” मी विचारलं.
“मग काय, बाई. तो दारात हुबा असल्यावानी वाटलं. मीबी खाकरलो.”
त्यापुढे बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही म्हणे. आटपाडीला जाणार का, हे माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांनीच विचारलं, लोणंदहून सकाळची आटपाडीची गाडी अजून सुटते का, का बंद झाली?
माहीत नव्हतं. स्टँडवर विचारून सांगते म्हटलं. ओल्या हातांनीच निघाले.